डॉक्टर बोलवायचा की नाही, हे आत्याबाई ठरवायच्या

आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला निरोप डॉक्टरला जात नसे, आमच्या सासूबाईंना येई. पोरगं तापलंय, म्हाताऱ्याला जुलाब लागलेत, सुनेच्या पोटात कळा येताहेत, काहीही असो. दारात कुणीतरी पदराला हात पुसत उभं राही आणि विचारी, "मावशी, डॉक्टरले बलावू का?" सासूबाई हातातलं काम खाली ठेवत, चपला पायात सरकवत आणि जाऊन बघून येत. त्या 'बलाव' म्हणाल्या की नंदुरबारला फोन जाई. 'थांब' म्हणाल्या की फोन खिशातच राही. त्यावर अपील नव्हतं.

मी त्यांना आत्याबाई म्हणते, म्हणून इथंही तसंच लिहिते. शाळेत त्या फार शिकलेल्या नाहीत. नर्स नाहीत, दाई नाहीत, जडीबुटीचं काही जाणत नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. आजार कोणता आहे हे त्या कधीच सांगत नसत. कुणी विचारलंच तर खेकसत, "ते डॉक्टरनं काम शे, मन्हं नही." त्यांचं काम एवढंच, बोलवायचं की थांबायचं.

हल्ली हातात मोबाइल आहेत, दारात गाड्या आहेत. आमच्या कोरीट गावाहून नंदुरबारला जायला फारसा वेळ लागत नाही. ज्याला उठता येतं तो उठून शहरातल्या दवाखान्यात जातो. पण ज्याला उठता येत नाही, किंवा जो उठायला तयार नाही, त्याच्यासाठी नंदुरबारचे एक वयस्कर डॉक्टर अजून घरी येतात. दवाखाना आटोपला की स्वतः गाडी चालवत येतात. त्यांच्याशी आत्याबाईंचा जुना हिशेब होता. यांच्या शब्दावर आलं की फेरी फुकट जात नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. आणि ते बोलावल्याबरोबर निघतात, हे आत्याबाईंना माहीत होतं. "डॉक्टरनं येनं वाया जावाले नको," असं त्या म्हणायच्या. उगाच बोलावलं, तर खरोखर गरज पडेल तेव्हा तो माणूस 'बघू' म्हणेल, ही त्यांची भीती. मला ती तेव्हा अतिशयोक्ती वाटायची, पण त्यात तथ्य होतं.

बघायची त्यांची रीत साधी होती. तापलेल्या माणसाच्या कपाळाला त्या लगेच हात लावत नसत. आधी विचारत, "चहा मांगस का?" चहा मागणाऱ्याला डॉक्टर नाही. पोर रडत असेल तर त्या निर्धास्त. पोर गप्प पडलं असेल तर त्यांचा चेहरा बदले. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला माणूस दिसला की त्या उंबऱ्यातूनच ओरडत, "बलाव!"

आणि एकदा बलाव म्हटलं की घरात धावपळ सुरू. पुढच्या खोलीत खाट आणायची, तिच्यावर धुतलेली चादर. खोली झाडून घ्यायची. तिपाईवर नवी साबणाची वडी, तांब्याभर पाणी, घडी न मोडलेला टॉवेल. आजारी माणसाला धुतलेले कपडे. त्याला उभं राहवत नसलं तरी कपडे बदलायचेच. मला हे सगळं थोतांड वाटायचं. माणूस तिकडे विव्हळतोय आणि यांचं टॉवेलचं चाललंय! पण आत्याबाई ऐकायच्या नाहीत. डॉक्टरनं आजार बघावा, घाण बघू नये, हे त्यांचं म्हणणं. डॉक्टरची गाडी दारात लागली की अर्धी गल्ली ओट्यावर जमते, हेही त्यात होतंच म्हणा.

माझं माहेर नवापूरचं. तिकडचा कारभार वेगळा. आमच्याकडे घरी डॉक्टर बोलवायची पद्धतच नव्हती. जरा काही झालं की माणूस स्टेशनवर. आत्याबाई यावरून मला चारचौघींत चिडवायच्या. "नवापूरना लोके शिंक वनी तरी सुरतले पयतस," म्हणजे शिंक आली तरी सुरतला पळतात. बायका खो खो हसायच्या. मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांना गप्प बसवते, आणि घरी आले की गप्प बसायची पाळी माझी.

माझी मुलगी लहान असताना तिला एकदा सणसणून ताप भरला. मी फोन हातात घेतला, आत्याबाई म्हणाल्या थांब. मी म्हटलं, पोरगी माझी आहे. त्या म्हणाल्या, "मन्ही नही का?" दिवसभर मी घरात आदळआपट केली. भांडी आपटली, नवऱ्याला बोलले, दुपारी जेवले नाही. संध्याकाळी पोरगी उठून बसली आणि चहात बुडवायला बिस्कीट मागू लागली. आत्याबाईंनी नुसतं चुलीवर आधण ठेवलं. पोरगी बरी झाली याचा आनंद झाला, पण त्या बरोबर निघाल्या याचा मला जबर राग आला, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

त्याच्या उलटही घडलं होतं. सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, एकदा शेतातून पोट धरून आले. म्हणाले, हुरडा जास्त झाला. मलाही तसंच वाटलं, नवऱ्यालाही. आत्याबाईंनी त्यांना खाटेवर भिंतीकडे वळताना पाहिलं मात्र, आणि हुकूम सुटला. डॉक्टर आले, पोट दाबलं, आणि नानांना स्वतःच्या गाडीत घालून घेऊन गेले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तेव्हापासून नानांचा या बाबतीत बायकोवर जो विश्वास बसला तो बसलाच. तसे नाना बोलण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. घरातल्या कोणत्याही आजारावर त्यांचं एकच वाक्य होतं, "तिले इचार."

हे सगळं आधी सांगितलं, कारण एका हिवाळ्यात आजारी पडल्या त्या आत्याबाईच. तेव्हा विचारायचं कुणाला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि हिवाळा म्हणजे आमच्याकडे मिरची. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला आमची छोटी पथारी आहे. ओली लाल मिरची आणून मोकळ्या जमिनीवर वाळत घालायची जागा, तिला आम्ही पथारी म्हणतो. घरची मिरची असते, आसपासची विकत घेतलेलीही असते. दिवाळीनंतर जमीन लाल होते ती होळीपर्यंत. बायका तोंडाला फडकी बांधून देठ खुडतात, माल उलटापालटा करतात, आणि वाऱ्याबरोबर तो खकाणा गावभर फिरतो. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला ठसका लागतो. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी खोकते, माझ्यामागे अख्खा वर्ग खोकतो. या दिवसांत खोकल्याला कुणी आजार समजत नाही. खोकणाऱ्याकडे वळूनही बघत नाही. कुणी जास्तच खोकला तर घरचे उलट हसतात, म्हणतात, यंदा माल तिखट दिसतोय.

आत्याबाई त्या हिवाळ्यात खोकत होत्या. सगळेच खोकत होते.

पण माझ्या लक्षात काही वेगळ्या गोष्टी येऊ लागल्या. ओट्याच्या पायऱ्या चढताना त्या मध्येच थांबत आणि काहीतरी आठवल्यासारखं मागे वळून बघत. आधी मला वाटलं, खरंच काही विसरल्या. मग कळलं, दम खाताहेत. सकाळी त्यांचं अंथरूण उचलायला गेले की उशाशी गोधड्यांची वळकटी, तिच्यावर आणखी एक उशी. म्हणजे त्या आडव्या झोपतच नव्हत्या, बसल्या बसल्या पडत होत्या. नेहमीच्या चपलांचा पट्टा पायावर रुतायला लागला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "चपला आटी गयात." चपला आटल्या म्हणे! रबराच्या चपला!

मी नवऱ्याला सांगितलं, आत्याबाईंना डॉक्टर दाखवायला हवा. तो पिकअपमध्ये पोती चढवत होता. म्हणाला, "आईले इचार."

"अरे, आजारी आईच आहे!"

"मंग तिले जास्त समजी ना."

नानांकडे गेले. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "तिले इचार."

शेवटी तिले इचारलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजून येळ नही व्हयनी." हे वाक्य मी गल्लीत त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलताना जो ठामपणा असायचा, तोच आता स्वतःबद्दल. मी म्हटलं, तुमचे पाय सुजलेत. त्या म्हणाल्या, उभं राहून राहून सुजतात. मी म्हटलं, तुम्हाला दम लागतो. त्या म्हणाल्या, "मिरचीना ठसका शे. तुले नही का?" आणि मला नेमका तेव्हाच खोकला आला. त्या गालात हसल्या.

मग तो रविवार. शाळेला सुट्टी म्हणून मीही पथारीवर होते. दुपारची वेळ, ऊन हलकं, हवेत गारवा होता. आत्याबाई बायकांना माल सरकवायला सांगत होत्या आणि बोलता बोलता खाली बसल्या. एक हात छातीवर, दुसरा जबड्याला. मला वाटलं दाढ दुखतेय. जवळ गेले तर कपाळावर घाम, मानेवर घाम, चोळी भिजलेली. हिवाळ्यात, एवढ्या गारव्यात!

"आत्याबाई, काय व्हयनं?"

"वायगोळा शे. व्वा दे."

व्वा म्हणजे ओवा. एका बाईनं कमरेच्या पिशवीतून ओवा काढून दिला, दुसरीनं सैंधव मिठाचा खडा. त्यांनी तो चावला, डोळे मिटून बसून राहिल्या. बायका भोवती उभ्या. एक हलकेच म्हणाली, "मावशी, डॉक्टरले..." आत्याबाईंनी डोळे न उघडता हात हलवला. थांब. आणि सगळ्या थांबल्या. त्या बाईचं पोर आत्याबाईंच्या 'बलाव'मुळे वाचलेलं होतं, ती कशाला हुज्जत घालेल? थोड्या वेळानं घाम ओसरला. ढेकर आला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "व्हयनं ना? चाला, कामले लागा."

मला मात्र राहवेना. त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन मी डॉक्टरांना स्वतःच फोन लावला. या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदाच केलं होतं. घाम, पाय, दम, सगळं सांगू लागले, पण अजून अर्धंही सांगून झालं नव्हतं तोच पाठीमागून हात आला. आत्याबाईंनी फोन घेतला. आणि काय त्यांचा आवाज बदलला! एकदम खणखणीत.

"हा डॉक्टरसाहेब! राम राम! काही नही हो, वायगोळा व्हयना व्हता. सूनबाई नवापूरनी शे, तुमले माहीत शे ना!"

पलीकडून डॉक्टरांचं हसणं मला ऐकू आलं. मग ते काहीतरी बजावून बोलले असावेत, कारण आत्याबाई मान डोलवत म्हणाल्या, "येसू, येसू. दवाखानामाच येसू. तुम्ही नका तरास ल्या." फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. उंबरा ओलांडायला त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मी अंगणातच उभी राहिले. त्या क्षणी मला त्यांची काळजी नव्हती वाटत, नुसता राग येत होता. एवढा कसला ताठा!

दवाखान्यात त्या गेल्या नाहीत, हे सांगायला नको. मिरचीचे दिवस, माल पडलेला, आज जाऊ, उद्या जाऊ. मीही रोज टुमणं लावलं. त्यांनी ते नेहमीसारखं ऐकून सोडलं.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी मी शाळेची तयारी करत होते. आत पोळ्या लाटताना पुढच्या खोलीत केरसुणीचा आवाज आला. झाडणं माझं काम, आणि मी ते केलेलं होतं. वाटलं, यांना माझं झाडणं पसंत पडलं नाही. मनात म्हटलं, झाडा बापडे. पण आवाज विचित्र होता. दोन हात फिरवले की थांबायचा, पुन्हा दोन हात, पुन्हा थांबायचा. मग खाट ओढल्याचा आवाज आला.

बाहेर आले तर आत्याबाई खाटेवर धुतलेली चादर घालत होत्या. एक कोपरा नीट करायच्या, खाटेच्या कडेला टेकायच्या, मग दुसरा कोपरा. तिपाई भिंतीपासून पुढे ओढलेली होती. तिच्यावर तांब्या, साबणाची नवी वडी, घडीचा टॉवेल. अंगावर त्यांनी पेटीतलं धुवट लुगडं नेसलं होतं, केस ओले करून चापून बसवले होते. मी दारात उभी होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खाटेवर चढल्या, पाठीशी वळकटी घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. ओठ निळसर दिसत होते. श्वास घेताना गळ्याच्या खालचा खड्डा आत ओढला जात होता.

नाना बाहेरून आले. पथारीवर जायला निघाले होते, टोपी विसरली म्हणून परतले. दारातच थांबले. खाट, चादर, साबण, टॉवेल, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. गल्लीत असं मांडलेलं त्यांनी कितीतरी घरांतून पाहिलं होतं. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"कोन बिमार शे?"

समोर बायको खाटेवर बसली होती. नाना काही निष्ठुर नव्हेत. या खाटेवर ती असू शकते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी सरळ फोन उचलला. फोन लागला. डॉक्टरांना मी एवढंच म्हटलं, "आत्याबाईंनी स्वतःसाठी खाट मांडली आहे." ते म्हणाले, "निघालो."

दवाखान्याची वेळ सोडून ते आले. गल्ली जमली, पण नेहमीसारखी कुजबुज नव्हती. बायका ओट्याखाली उभ्या राहिल्या, वर कुणी चढलं नाही. डॉक्टरांनी हात धुतले नाहीत, साबणाकडे पाहिलंही नाही. नळी छातीला, पाठीला लावली, पायावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खड्डा तसाच राहिला. एक इंजेक्शन दिलं, एक गोळी जिभेखाली ठेवायला लावली. नवऱ्यानं पिकअप दारात आणली होती, पण तीत आदल्या दिवसापासून मिरची भरलेली. हौदा रिकामा केला असता तरी त्या खकाण्यात त्यांना बसवणार कसं? डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडलं. आत्याबाईंना उचलून नेताना त्या पहिल्यांदा बोलल्या. मला म्हणाल्या, "तुन्ही शाळा शे ना आज?" मी म्हटलं, खड्ड्यात गेली शाळा.

पुढचं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झालं. छातीला तारा लावून पट्टी काढली, फोटो काढले, रक्त घेतलं. नंतर तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आम्हाला बाहेर बोलावून समजावलं. झटका येऊन गेला आहे. आज नव्हे, काही दिवसांपूर्वी. मध्ये कधी छातीत दुखलं होतं का, घाम आला होता का, असं त्यांनी विचारलं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी रविवार सांगितला, ओवा सांगितला. त्यांनी मान हलवली. हृदयाचा एक भाग त्याच दिवशी निकामी झाला, म्हणाल्या, तो आता परत येणार नाही. फुप्फुसात पाणी साठलंय ते औषधानं उतरेल. जीव वाचेल. पण इथून पुढे पायऱ्या नाहीत, उन्हात काम नाही, मिरचीच्या आसपास फिरकायचं नाही, मीठ बेतानं, पाणी मोजून. त्या दिवशी आणलं असतं तर? नवऱ्यानं विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. त्या दिवशी आणलं असतं तर बराच भाग वाचला असता.

नवरा भिंतीकडे तोंड करून रडला. मला रडू आलं नाही. मी तिथल्या लोखंडी बाकावर बसून विचार करत होते, की एवढ्या घरांतली एवढी माणसं या बाईनं वेळेवर पाठवली, आणि हिला पाठवणारं कुणी नव्हतं. आम्ही तिघं होतो की! तिघं जण तिच्याकडेच बोट दाखवत होतो.

पाणी उतरल्यावर त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीतली खाट आता कायमची तिथेच राहिली. आत्याबाई निम्म्या झाल्या होत्या. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. बायका भेटायला येत, दारात ओळीनं बसत, कुणी काही विचारत नसे. त्या पडल्या पडल्या छताकडे बघत. मी शाळेत जाताना गोळ्या काढून ठेवायची, आल्यावर मोजून बघायची. आमच्यात जुना तंटा काही उरला नव्हता. मला तो कधी कधी हवासा वाटायचा, खरं सांगते. निदान मला नवापूरवरून टोमणा तरी मारा, असं मनात यायचं.

एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. नाना पथारीवर निघाले होते. निघता निघता ते खाटेपाशी थांबले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि जमत नव्हतं. टोपी काढली, पुन्हा घातली. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले,

"तुले कसं वाटी ऱ्हायनं?"

या घरात इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न नानांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आत्याबाईंनीही ऐकला नसावा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, प्रश्न मला विचारलाय असं समजून. मग नानांकडे.

"माले?"

"हा. तुले."

मी वाटी खाली ठेवली. मग त्या बोलायला लागल्या, आणि थांबेचनात. श्वास पुरत नव्हता, मध्ये मध्ये थांबत होत्या, तरी बोलत होत्या. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. गेल्या वर्षीच्या मिरचीपासून होतं. आडवं झालं की बुडाल्यासारखं वाटे, म्हणून बसून राहायच्या. डाव्या हाताला मुंग्या यायच्या, म्हणून घागर उजव्या कमरेवर घेत. त्या रविवारी पथारीवर त्यांना वाटलं होतं, आपण आता मरतो. खूप भीती वाटली होती. "मी घाबरी गई व्हती हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गल्लीत कुणी त्यांना रडताना पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग सांगं का नही?"

"तुम्ही कधी इचारंच नही."

आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

बाहेर पिकअप येऊन उभी राहिली होती. पथारीवर बायका खोळंबल्या होत्या. नवऱ्यानं हॉर्न वाजवला, मग हाक मारली, "नाना, चाला!" नाना उठले नाहीत. खुर्ची खाटेच्या आणखी जवळ घेतली आणि बसून राहिले. मी पेजेची वाटी पुन्हा हातात घेतली. मग नानांनी पुन्हा विचारलं, "तुले कसं वाटी ऱ्हायनं?"